गाडीला रोज सांगावं लागतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालीस ना परत कोरी! काल तासभर बोलले तुझ्याशी, घसा कोरडा पडला, आणि आज उघडते तर पान स्वच्छ. मी काय काय सांगितलं, आठवतंय का काही? नाही ना? वाटलंच मला. या घरात विसरण्याचा मक्ता आमच्या ह्यांनी एकट्यानं घेतलाय असं मी समजत होते. तू त्यांच्याही वरताण निघालीस!

नात म्हणते, "आजी, जुनं कुठे जात नाही. मागे असतं. रोज नवं पान उघडतं इतकंच." असेल बाई. मला अक्षर येत नाही. मागच्या पानावर माझं बोलणं आहे की कुणा परक्या बाईचं, मला काय कळणार? बोट ठेवायचं, बोलायचं, बोट उचलायचं — एवढं शिकले. तारीख फोन आपली आपण घालतो. फोन लेकीचा जुना. लांबच्या शहरात असते ती. तिनं नवा घेतला आणि हा मला पाठवला — "आई, मनातलं यात बोलत जा. कुणी वाचत नाही."

तर पुन्हा पहिल्यापासून सांगते, नीट ध्यानात ठेव. आमचे हे — चौतीस वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर. मी — चाळीस वर्षं घरी बसून शिंप्यांच्या कपड्यांना काजं-बटणं केली. मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो. गेल्या महिन्यात त्यानं आमची जुनी गाडी काढून टाकली आणि नवी कोरी दारात आणून उभी केली. क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत, नुसता ब्रेक नि रेस.

आणि ती गाडी सिग्नलला मरते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मरते म्हणजे खरंच मरते! लाल दिवा लागला, ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली, की इंजिन गप्प. घरघर बंद, अंगाखालची थरथर बंद. दिवा हिरवा झाला, पाय उचलला, की दचकून उठते — मी दुपारी काजं करता करता डुलकी लागून उठायचे तशी.

मुलगा म्हणतो, "बाबा, बिघाड नाहीये तो. सोय आहे. उभ्या गाडीत पेट्रोल जळत नाही, धूर होत नाही."

हे म्हणतात, "चौतीस वर्षांत माझ्या पायाखाली एकदाही इंजिन बंद पडलं नाही. साठ माणसं पाठीवर घेऊन चढावर उभा राहिलोय मी. आता ही मला शिकवणार?"

आज बाजारापर्यंत पाच सिग्नल. पाच वेळा अपमान! पाचव्याला तर हे गाडीशी बोलायलाच लागले — "मेलीस परत? मर!" काच खाली होती. शेजारच्या स्कूटरवरची बाई माझ्याकडे इतक्या दयेनं बघायला लागली! तिला वाटलं, मलाच म्हणतात. मी हसून हात केला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चपलेचा अंगठा तुटला. सेफ्टीपिन लावून चालवतेय. कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला सांगितलं तर दुकानात नेऊन बसवतो आणि वीस जोड पायात घालायला लावतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज गॅरेजला गेलो. म्हणजे हे गेले आणि मी मजा बघायला.

गॅरेजवाला तरुण, हात काळे, बोलणं गोड. त्यानं गिअरच्या दांड्यापाशी बोट दाखवलं. "काका, हे बटण दाबलं की ती सिस्टिम बंद. मग सिग्नलला इंजिन चालूच राहतं."

"मग टाक की दाबून कायमचं!"

"कायमचं नाही होत, काका. तुम्ही गाडी बंद केली आणि परत चालू केली, की ती विसरते. दर वेळी नव्यानं सांगावं लागतं."

मी म्हटलं, "त्यात काय एवढं? असंच एक मॉडेल पंचेचाळीस वर्षं सांभाळतेय मी."

गॅरेजवाला गाडीखाली शिरून हसला. ह्यांनी खिशातून रुमाल काढून स्वच्छ काच पुन्हा पुसली.

घोटाळा असा की तिथे बटणं सहा. एका ओळीत, सगळी काळी, सगळी एका मापाची. ह्यांना लांबचं घारीसारखं दिसतं, पण जवळचं सगळं धूसर. चष्मा लावला की जवळचं दिसतं आणि रस्ता जातो. गॅरेजमधून निघताना त्यांनी अंदाजानं एक बटण दाबलं — चारी बाजूचे दिवे लुकलुकायला लागले. दुसरं दाबलं — काहीच नाही. आम्हाला वाटलं, जमलं! दोन चौक गेल्यावर हे अस्वस्थ. सारखे इकडून तिकडे सरकतात. शेवटी म्हणाले, "अगं, मला ताप आलाय का बघ." ताप कसला! सीट गरम करायचं बटण दाबलं होतं त्यांनी.

मग मी वाकून बघितलं. चौथं बटण. गोल फिरलेला बाण आणि बाणाच्या पोटात एक अक्षर — दोन पाय फाकून उभी केलेली शिडी, मध्ये एकच पायरी. कुठल्या भाषेतलं ते मला नको. बटणांत जन्म गेला माझा, शर्टाचं कुठलं नि कोटाचं कुठलं ते डोळे मिटून सांगते. दाबलं. बाजूला पिवळा ठिपका पेटला.

पुढचा सिग्नल. लाल. गाडी उभी. इंजिन — चालू!

हे माझ्याकडे असे बघायला लागले की काय सांगू. लग्नात बघायचं राहून गेलं होतं ते सगळं आज बघून घेतलं.

तेव्हाच ठरलं. किल्ली ते फिरवणार, बटण मी दाबणार. दाबलं की तोंडानं "टिंग टिंग" म्हणायचं. बसमधला नियमच तसा — कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंट्या ऐकल्याशिवाय ड्रायव्हर बस तसूभर हलवत नाही. आणि ऐकल्या की मागे वळून बघतही नाही. तेवढा विश्वास.

सत्तरीत नोकरी लागली गं मला!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पार्सल आलं. लेकीकडून. उघडलं तर चपला! मऊ, मापाच्या, अंगठ्याच्या. मी लगेच फोन लावला. म्हणते, "सहज दिसल्या, आई. घेतल्या."

सहज! शाळेत असताना स्वतःचा डबा वर्गात विसरून यायची ही, दप्तर बसमध्ये आणि एकदा तर धाकट्या भावाला वाण्याच्या दुकानात. आता इतक्या लांबून आईची तुटकी चप्पल बरी दिसली हिला. मनकवडी झाली की काय?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक सांगू तुला? लहानपणापासून मला जांभळी छत्री हवी होती. मूठ बदकाच्या चोचीची. कधी कुणापाशी बोलले नाही. आज उगाच आठवलं. बास, एवढंच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कंडक्टरकी झोकात चाललीय. आज दवाखाना, वाचनालय, भाजी. घरी येताना धरून चार वेळा किल्ली, चार वेळा बटण, चार वेळा टिंग टिंग. वाचनालयापाशी हे उतरले आणि आत मोठ्यांदा म्हणाले, "जरा लवकर करा, आमच्या कंडक्टर बाई खोळंबल्यात." सगळी पुस्तकातली डोकी वर झाली म्हणे.

मात्र शेंगांवरून कुरकुर सुरू झालीय. दवाखान्याच्या चौकातला सिग्नल दोन मिनिटांचा. मी काय करते, पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन बसते, एक ह्यांना सोलून, एक मला. पण टरफलं नव्या सीटच्या फटीत जातात. हे घरी येऊन चिमट्यानं काढतात! बसमध्ये लोकांनी उलट्या केल्या तेव्हा इतकं तोंड वाकडं झालं नसेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पार्सल. जांभळी छत्री. मुठीला चोच.

बरं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज गाडी ठोकली. कुणाला लागलं नाही. आज बोलवत नाही मला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काय झालं ते सांगते. दवाखान्याच्या चौकात आमची गाडी उभी होती. पुढे शाळेची व्हॅन. आमची गाडी एकदम पुढे उसळली आणि व्हॅनला मागून लागली. व्हॅनचा बंपर चेपला, आमचा एक दिवा फुटला. व्हॅन रिकामी होती. व्हॅनवाल्या बाई खाली उतरल्या, ह्यांच्याकडे बघितलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं त्यांना.

मुलगा धावत आला. "काय झालं, बाबा?"

हे म्हणाले, "पाय सुटला ब्रेकवरून."

"आत मुलं असती तर?"

हे फुटलेल्या दिव्याच्या काचा वेचायला लागले.

"पंचाहत्तरी आली, बाबा. बास झालं आता." त्यानं हात पुढे केला. रागावला नव्हता तो, घाबरला होता. तेच जास्त वाईट. मला वाटलं, हे आता बसचा पाढा म्हणतील — चौतीस वर्षं, साठ माणसं, चढाव. पण नाही. मुकाट किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

दाराशेजारी किल्ली टांगायचो तिथे आता नुसता खिळा आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

हे रोज सकाळी खाली जातात आणि गाडी पुसतात. किल्ली नाही, दार उघडत नाही, म्हणून बाहेरूनच पुसतात. तासभर. वर येतात, खुर्चीत बसतात. काहीतरी सांगायला लागतात — "अगं, आज तो समोरचा..." — आणि मध्येच बंद. मी वाट बघते. पुढचं वाक्य येत नाही.

गाडी निदान पाय उचलला की सुरू व्हायची.

मी टोमणे मारून बघितले. भाजीत मीठ जास्त घालून बघितलं. म्हणाले, "छान झालीय." पंचेचाळीस वर्षांत माझ्या भाजीला छान म्हटलं नव्हतं त्यांनी! तेव्हा घाबरले मी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऐक. त्यांनी मला शब्द द्यायला लावलाय — कुणाला सांगायचं नाही. मीही दिलाय. पण तू काही 'कुणी' नाहीस. तू पान आहेस. उद्या सकाळी कोरी होशील. म्हणून सांगते.

गुरुवारी निघताना आमचं वाजलं होतं. टरफलांवरूनच. हे म्हणाले, "शेंगा सोलायला नाहीये ही गाडी. तुझं काम एक बटण दाबायचं. त्याला काय अक्कल लागते? कुणीही दाबेल."

कुणीही!

माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर असतो. मनात म्हटलं, बघू या कसं जातंय माझ्याशिवाय. ह्यांनी किल्ली फिरवली. मी बटणावर बोट ठेवलं. तोंडानं म्हटलं — "टिंग टिंग."

आणि दाबलं नाही.

घरून निघाल्यापासून सगळे दिवे हिरवे. दवाखान्याचा लाल लागला. गाडी उभी राहिली, इंजिन गप्प झालं. मी गालातल्या गालात हसत खिडकीबाहेर बघायला लागले. आता म्हणतील, अगं दाबलंस ना? मग मी म्हणेन, त्याला अक्कल लागते.

पण त्यांनी विचारलंच नाही! का विचारतील? दोन घंट्या मिळाल्या होत्या त्यांना. घंटी मिळाली म्हणजे बटण दाबलंय, आणि तरी इंजिन बंद म्हणजे इंजिन खरोखरच मेलंय. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा चेहरा पांढरा झाला, पाय ब्रेकवरून सुटला, हात किल्लीकडे गेला — आणि पाय सुटल्याबरोबर ती नालायक जागी होऊन पुढे उसळली.

घरी आल्यावर मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. म्हणाले, "तू दाबलं नव्हतंस."

"नव्हतं."

"घंटी दिलीस मात्र."

एवढंच. यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता मुलाला सांगते. तर हात धरला माझा. "काही सांगायचं नाही. कंडक्टरनं काहीही करू दे, गाडी ड्रायव्हरची असते. पाय माझा सुटला, ते खोटं नाही. आणि तो तुला मागच्या सीटवर बसवेल. मग मी कुणाच्या घंटीवर चालवू?"

शब्द दे म्हणाले. दिला मी. आता मुलाला वाटतंय बाप थकला. आणि बापालाही तसंच वाटायला लागलंय, हे मला सोसत नाही. थकलेले नाहीत ते. त्यांना मी फसवलं. चालत्या बसमध्ये खोटी घंटी दिली मी, पाना, आणि शिक्षा ते भोगताहेत.

त्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा हवा आणि मला कानाखाली एक. ही दोन्ही कामं मुलानं केली तर सगळं सुरळीत होईल. पण मुलाला सांगणार कोण? मी तर शब्दाला बांधलेली.

बोट उचलते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मुलगा दारात. बूटसुद्धा काढले नाहीत. "आई, ही घंटीची काय भानगड आहे?"

ह्यांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. माझ्याकडे बघितलं.

"मी चकार शब्द काढलेला नाही कोणापाशी!" मी म्हटलं. "विचारा पाहिजे तर."

मुलगा म्हणाला, "ताईचा फोन आला रात्री. भरपूर ओरडली मला."

"तिला कुणी सांगितलं?" हे.

"मनकवडी आहे ती," मी म्हटलं. "चपला नाही का आल्या?"

मुलगा खुर्चीत बसला. खुर्ची बापापुढे सरकवली. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही 'पाय सुटला' म्हणालात. का सुटला ते विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं." आणि माझ्याकडे वळला. "आणि आई, तू... तुला काय बोलावं तेच कळत नाही मला."

"बोल की. चांगलं चार माणसांत बोल. ऐकून घेते."

बोलला! दहा मिनिटं बोलला. एकही शब्द खोटा नव्हता. शाळेच्या व्हॅनवर आला तेव्हा माझी मान खाली गेली. हे मध्ये पडायला लागले, तर मी त्यांना गप्प केलं. माझी शिक्षा होती ती, त्यातही वाटा हवा ह्यांना!

मग त्यानं खिशातून किल्ली काढली. दिवा नवा बसवून आणला होता आधीच. म्हणाला, "चला. मी मागे बसतो."

खाली गेलो. हे बसले. किल्ली फिरवली. मी चौथं बटण बघितलं — बाण, शिडी, एक पायरी. दाबलं. पिवळा ठिपका.

"टिंग टिंग."

हे हलले नाहीत. मान वळवून म्हणाले, "दाबलंस?"

चौतीस वर्षांत कुठल्या कंडक्टरला विचारलं नसेल असं. मी गिळलं. माझीच करणी. "दाबलं. ठिपका बघा."

त्यांनी ठिपक्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "परत दे."

"टिंग टिंग."

गाडी निघाली. वाचनालय, बाजार, मग दवाखान्याचा चौक. लाल. गाडी उभी, इंजिन घुमतंय, दोन मिनिटं! मी शेंगांशिवाय हात मांडीवर घेऊन बसले होते, शाळेत बसवल्यासारखी. मागून मुलगा म्हणाला, "बाबा, पेट्रोल जळतंय हां."

"तुझ्या जन्माआधीपासून जाळतोय," हे म्हणाले. "त्यावरच मोठा झालास."

पाढा परत सुरू! चौतीस वर्षं, साठ माणसं, चढाव — सगळा म्हणून दाखवला घरी येईपर्यंत. मी एकदाही टोकलं नाही.

मुलाच्या अटी — उद्याच डोळ्यांचा डॉक्टर, दुहेरी भिंगाचा चष्मा, अंधार पडायच्या आत घरी, आणि महिनाभर दर रविवारी तो मागे बसणार. ह्यांनी सगळ्याला मान डोलावली. "आणि आई पुढेच बसेल," तो म्हणाला, "पण बटण दाबल्यावर बाबांनी एकदा स्वतः ठिपका बघायचा."

किल्ली खिळ्यावर आहे. ह्यांनी आज भाजीला नावं ठेवली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लेकी, आज पानाशी नाही, तुझ्याशी बोलते. विसरभोळी ती विसरभोळीच! मला फोन दिलास आणि त्यातून स्वतःला काढायला विसरलीस. चपला आल्या तेव्हा शंका आली. म्हणून छत्री मागून बघितली — जन्मात कधी नको होती मला, चोचीची छत्री घेऊन कोण हिंडतं! ती आल्यावर नातीला विचारलं. म्हणाली, "आत्याचं खातं अजून यातच आहे, आजी. तू इकडे बोललीस की तिकडे उमटतं." मी म्हटलं, राहू दे तसंच.

बाबांना सांगू नकोस. मी शब्द मोडलेला नाही, पानाशी बोलले.

आणि आता पुढच्या पार्सलात शेंगा पाठव. भाजलेल्या, बिनमिठाच्या, ह्यांचं ब्लडप्रेशर आहे. पण पाठवशील त्या सोलूनच पाठव.